पाइपमध्ये साचलंय काय?

मी भंडाऱ्याचा, काम कोडिंगचं. पण आज बोलू खनिज तेलावर.

1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘बॉम्बे हाय’ सापडलं. तिथलं तेल मेणाचं. थंडीत आपल्या घरी खोबरेल तेल गोठतं ना? तसंच समुद्रतळाच्या गार पाइपमध्ये मेण भिंतीला धरतं. मग आतून खरवडत जाणारं ‘पिग’ नावाचं उपकरण सोडतात.

अस्फाल्टीनचं मात्र वेगळं. तेल विहिरीतून वर येताना दाब घटतो, तेव्हा हे काळे कण तेलातून सुटतात, एकमेकांना चिकटतात, नळी अरुंद करतात. मेणासारखे ते नुसत्या उष्णतेनं वितळत नाहीत. टोल्युइन किंवा झायलीननं धुवावे लागतात.

म्हणून आधी नमुना तपासायचा. निदान चुकलं, तर खर्च वाया आणि विहीर तुंबलेलीच. आमच्या डीबगिंगसारखंच! भेटू पुढच्या भागात.