हंगामी खुर्ची : एर्था पास्काल-त्रुइयो यांच्या निमित्ताने



घरात पहिली पदवी येते, नोकरी लागते आणि मग एक शब्द भेटतो : 'प्रभारी'. मलाही भेटला. चौकशीच्या तोंडावर जे काम कुणालाच नको होते, ते माझ्याकडे आले. सही माझी, कर्मचारी मात्र दुसऱ्याच कुणाचे ऐकायचे. चार महिन्यांनी नियमित अधिकारी आले आणि माझ्या आधीच्या फायलींचाही खुलासा मलाच मागितला गेला. त्याच दिवसांत मी हैतीच्या एका राष्ट्राध्यक्ष बाईंविषयी वाचले. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला देश. तिथल्या ऊस-कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांनी बंड केले, नेपोलियनच्या फौजेला हरवले आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतःचे राष्ट्र उभे केले. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवून मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ती रक्कम ९ कोटींवर आणली. म्हणजे मुक्त झालेल्यांनीच जुन्या मालकांना पैसे मोजायचे! जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना. काळ्या माणसांच्या त्याच मुक्तिलढ्याचे एक मोठे पर्व हैतीचे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते क्वचितच भेटते.

त्या देशात १९४३ साली एर्था पास्काल जन्मल्या. वडील लोखंडकाम करणारे, आई शिवणकाम-भरतकाम करणारी. दहा भावंडांत एर्था नवव्या. वडील लवकर गेले. सामान्य लोक क्रेओल बोलत आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चाले. अशा देशात या मुलीने १९७१ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पुढे न्यायाधीश झाली आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बसणारी पहिली स्त्री ठरली.

आता १९९० कडे येऊ. द्युवालिए बापलेकांची हुकूमशाही फेब्रुवारी १९८६ मध्ये संपली होती. १९८७ मध्ये नवे संविधान आले, त्याने क्रेओललाही राजभाषेचा दर्जा दिला. पण त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मतदान केंद्रांवर मतदारांना गोळ्या घातल्या गेल्या आणि निवडणूक रद्द झाली. त्यानंतर लष्करी राजवटी येत-जात राहिल्या. मार्च १९९० मध्ये लोकांच्या दबावाखाली जनरल आव्रिल यांनी राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाले तर ते हंगामी म्हणून सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशाकडे जावे, असे संविधान सांगत होते. खुर्चीत बसायला एर्था तयार झाल्या. १३ मार्च १९९० रोजी त्यांनी शपथ घेतली. हैतीच्या त्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष.

आणि हातात काय होते? निर्णय घेताना राज्य परिषदेशी सल्लामसलत बंधनकारक, आणि तिच्याशी खटके उडत राहिले. बंदुका लष्कराकडे. द्युवालिएंचा जुना गृहमंत्री रॉजे लाफोंतां जुलैमध्ये परदेशातून परतला. त्याच्या अटकेचे वॉरंट निघाले, पण त्याला कुणी हात लावला नाही. ज्या बाईंचे आयुष्य कायद्यात गेले, त्यांच्या राजवटीत वॉरंट कागदावरच राहिले. लोक चिडले आणि दोष बाईंना लागला. तो दोष अगदीच खोटा होता असे मी म्हणणार नाही. खुर्ची घेतली की जबाबदारी येतेच.

पण ज्यासाठी त्यांना बसवले होते, ते काम त्यांनी केले. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक बोलावले गेले आणि १६ डिसेंबर १९९० रोजी मतदान झाले. गरीब वस्त्यांचे पाद्री जाँ-बेर्त्राँ आरिस्तिद सुमारे दोन तृतीयांश मते घेऊन निवडून आले.

६ जानेवारी १९९१ च्या रात्री लाफोंतांने बंड केले. बाईंना ओलीस धरले आणि टीव्हीवर राजीनामा वाचायला लावला. पण राजधानीतले गरीब लोक रस्त्यावर उतरले, त्यांनी अडथळे उभारले. सकाळी सैन्याने राष्ट्रपती भवनावर हल्ला करून बंडखोरांना पकडले. त्या दिवशी मतपेटी वाचवली ती लोकांनी. ७ फेब्रुवारीला ठरल्या तारखेला बाईंनी सत्ता सोडली. एप्रिलमध्ये त्यांनाच अटक झाली. आरोप होता : ज्या बंडात त्या ओलीस होत्या, त्याच बंडात सामील असल्याचा! लवकरच त्यांची सुटका झाली आणि पुढे त्यांनी देश सोडला. सप्टेंबर संपता संपता लष्कराने आरिस्तिद यांनाही उलथवले.

बाईंचा पुतळा उभारावा म्हणून मी हे सांगत नाही. आपल्या माणसाचा हिशोब कसा मांडायचा, एवढाच माझा प्रश्न आहे. 'आपल्यातली एक मोठ्या खुर्चीवर बसली, तरी काय केले?' असे आपण पटकन विचारतो. त्याआधी दोन गोष्टी विचारा. खुर्चीबरोबर अधिकार किती दिले होते? आणि ही खुर्ची तिच्याकडे आली तेव्हा बाकीचे कुठे गेले होते? राजकीय समता मिळाली आणि सामाजिक-आर्थिक विषमता तशीच राहिली तर लोकशाही धोक्यात येते, हे बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते. हैतीत तो धोका लोकांनी रस्त्यावर भोगला.

तुमच्याकडेही कधीतरी 'प्रभारी' पद येईल. नाकारा असे मी सांगणार नाही. अधिकार काय आणि मुदत किती, हे लेखी मागा. मी मागितले नव्हते. रुजू झाल्या दिवशीच जुन्या फायलींची यादी करून पोच घ्या. दिलेले काम पुरे करा आणि तारखेला उठा. आणि आपल्यातला दुसरा कुणी अशा खुर्चीत एकटा पडला असेल, तर लांबून निकाल देण्याआधी त्याला जाऊन भेटा.

जय भीम.