‘नको’ या शब्दाची मुदत

अकराव्या वर्षी लग्न झालेली एक मुलगी मोठी झाली आणि नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे तिने नाकारले. तिचा नवरा दादाजी भिकाजी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. रखमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की, ज्या लग्नास स्वतः समजून संमती दिली नाही, ते लग्न बंधनकारक ठरू नये. न्यायमूर्ती पिन्ही यांनी प्रथम त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन त्या सुटल्या आणि इंग्लंडात वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. सप्टेंबर १९५५ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा हिंदू विवाह कायदा अमलात येऊन अवघे चार महिने झाले होते.

त्या कायद्याच्या बाराव्या कलमान्वये, संमती बळजबरीने अथवा फसवणुकीने मिळविली असेल, तर न्यायालय ते लग्न रद्द ठरवू शकते. परंतु या हक्काला मुदत आहे. बळजबरी संपल्यापासून अथवा फसवणूक उघडकीस आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावयास हवा. शिवाय त्यानंतर अर्जदाराने राजीखुशीने संसार केलेला नसावा. कोंडून ठेवलेल्या मुलीचे वर्ष मोजावयाचे ते कोंडी सुटल्यापासून, लग्नाच्या तिथीपासून नव्हे. अनेक हक्क बुडतात ते न्यायाधीशामुळे नव्हे, तर ‘थोडे दिवस जाऊ द्या, सवय होईल’ या घरच्यांच्या उपदेशामुळे. गोव्यात हा कायदा लागू नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तेथील दिवाणी कायद्याप्रमाणे वधूवरांना निबंधकापुढे दोन वेळा सह्या कराव्या लागतात. पहिल्या सहीनंतर विचार बदलण्यास तेथे अवसर असतो.

अल्पवयीन मुलीसाठी २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे. अठरा वर्षांच्या आत लग्न लावलेल्या मुलीस ते लग्न जिल्हा न्यायालयाकडून रद्द करून घेता येते, आणि हा हक्क सज्ञान झाल्यावर दोन वर्षे, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, टिकतो. अशा मुलीला पोटगी व निवाऱ्याचा आदेश मिळू शकतो, तिचे अपत्य औरस मानले जाते. अल्पवयीन मुलीला पळवून, फसवून, बळाने अथवा विकून लावलेले लग्न तर मुळातच रद्दबातल होय. कर्नाटकाने २०१७ मध्ये अमलात आणलेल्या दुरुस्तीने यापुढचे पाऊल टाकले : तेथे त्यानंतर झालेला प्रत्येक बालविवाह आरंभापासूनच रद्दबातल आहे. महाराष्ट्रात मात्र मुलीला अर्ज करावा लागतो. सीमेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक जुळविणाऱ्या कुटुंबांनी हा फरक ध्यानी ठेवावा.

लग्न लागण्यापूर्वीच थांबविता आले, तर ते सर्वांत उत्तम. नियोजित बालविवाहाविरुद्ध दंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतो, आणि तो मोडून लावलेले लग्न रद्दबातल ठरते. १०९८ या क्रमांकावर शेजारी, शिक्षक, कोणीही कळवू शकतो.

मुलगी सज्ञान असेल तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील तक्रारीच्या नमुन्यात, इच्छेविरुद्ध लग्नास भाग पाडणे हा भावनिक छळाचा प्रकार म्हणून स्पष्ट नोंदविला आहे. म्हणजे अविवाहित मुलगी आपल्या जन्मदात्याविरुद्धही संरक्षणाचा आदेश मागू शकते. बळजबरीने लग्न लावण्यासाठी स्त्रीस पळविणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या ८७ व्या कलमान्वये दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नास कुटुंबाची वा जातपंचायतीची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निक्षून सांगितले आहे.

इतके असूनही बापाविरुद्ध अर्ज लिहिणे कोणत्याही मुलीस सोपे नसते. त्या अर्जानंतर ज्या घरी परतावयाचे, ते घर उरेल की नाही, हीच तिची खरी भीती असते. रखमाबाईंच्या पाठीशी त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन उभे होते. म्हणूनच त्या न्यायालयात टिकल्या. आजच्या मुलीला कायदा आहे. पण तिची मुदत संपण्याआधी ती तारीख तिला सांगणारे, आणि त्या रात्री तिला दार उघडणारे, एखादे तरी माणूस लागते.