भाड्यासाठी घर : हिशेब आणि व्यवहार



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगत आले. आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या घराविषयी. भाडे यावे म्हणून घेतलेल्या. निवृत्तीचा पैसा हाती आला की पुष्कळांच्या मनात प्रथम हाच विचार येतो. विचार वाईट नाही. पण इसारा देण्यापूर्वी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसावे, एवढेच आमचे मागणे.

समजा, घराची किंमत ५० लाख आणि भाडे दरमहा १५ हजार. कर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल, तर बँकेने किमतीच्या शेकडा ८० पलीकडे देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. आणि त्या किमतीत मुद्रांकशुल्क व नोंदणीखर्च धरत नाहीत. म्हणजे ४० लाख कर्ज मिळाले, तरी पदरचे १० लाख आणि वरचा सारा खर्च आपलाच. शेकडा ९ व्याजाने, २० वर्षांच्या मुदतीने या कर्जाचा हप्ता सुमारे ३६ हजार बसतो. पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच ३० हजार!

आता भाड्याकडे पाहा. बिऱ्हाडे बदलताना वर्षातला एक महिना घर रिकामे राहील असे धरावे. उरले १ लाख ६५ हजार. त्यातून सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, रंगरंगोटी, नळदुरुस्ती यांचे ४५ हजार गेले, तर हाती महिन्याला १० हजार. हप्ता आणि भाडे यांत २६ हजारांचे भगदाड! १० हजारांच्या हप्त्यात याच अटींवर जेमतेम ११ लाखांचे कर्ज फिटते. भाड्यावरच कर्ज फेडायचे, तर त्याहून अधिक काढू नये. पुढे किंमत वाढेल हे खरे असू शकेल. पण हप्ता या महिन्यात भरावयाचा असतो.

दुसरी गोष्ट कराराची. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने पुष्कळ घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला आसरा मिळाला, पण दुरुस्तीला पैसा उरेना. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि धास्तावलेल्या मालकांनी घरांना कुलपे घातली. ती धास्ती अजून पुष्कळांच्या मनातून गेलेली नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने मात्र मार्ग सोपा केला आहे. करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदला नाही, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय दंड वा कैदही होऊ शकते. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. तेव्हा 'ओळखीचाच माणूस आहे' म्हणून कागद टाळू नये. ओळख टिकावी म्हणूनच कागद करावा!

घर देताना भिंती, नळ, पंखे यांची यादी दोघांच्या सहीने करावी. अनामत रक्कम खर्चू नये, वेगळी ठेवावी. ती आपली नव्हे. गळती कळवली की त्याच आठवड्यात माणूस पाठवावा.

शेवटी एक बोलावेसे वाटते. कित्येक ठिकाणी आडनाव आणि स्वयंपाकघर विचारून दार लावले जाते. हे माणुसकीला सोडून आहेच, पण हिशेबालाही सोडून आहे. नियमित पगाराचा, सज्जन बिऱ्हाडकरू परत पाठवून आपण रिकाम्या भिंतींना जपतो आणि हप्ता मात्र भरत राहतो! आपल्यापैकी किती जणांचे वडील एका ट्रंकेनिशी शहरात आले आणि कोणा मालकाने त्यांना खोली दिली, हे आठवावे. घर भाड्याने देणे म्हणजे कोणाचा तरी संसार आपल्या छपराखाली घेणे होय. हिशेब चोख आणि मन मोकळे ठेवणाऱ्यानेच या धंद्यात पडावे.