होडीवरचा लाइट नेमका कुणासाठी?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "अं… अं…" काढलेत.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, मागे हायवे आहे. मी शहापूरला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. घर खर्डीच्या बाजूला, भातसाच्या बॅकवॉटरच्या काठावर. दिवसा गाड्यांचे हेडलाइट आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री काकांबरोबर होडी, असं माझं चाललेलं असतं. त्यामुळे लाइट या विषयावर मला बोलायचा अधिकार आहे असं मला वाटायचं. गेल्या ते मागच्या जानेवारीपर्यंत वाटायचं. ते का गेलं, तेच आज सांगणार आहे.

सुरुवात एका व्हिडिओपासून. माझ्या मावसभावाने मला एक अमेरिकन व्हिडिओ पाठवला. बदकांच्या शिकारीची बोट, पुढे हा लांबलचक एलईडी बार, रात्रीचं पाणी दिवसासारखं उजळलेलं. खाली त्याचा मेसेज, "दादा, आपल्या होडीला लाव ना."

आधी बदकांचं संपवतो. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात शिकार करता येते आणि गोळी झाडायची परवानगी साधारण सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून असते. म्हणजे जागेवर अंधारातच पोचावं लागतं. म्हणून त्यांच्या बोटींना एवढे दिवे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवाने हा प्रकारच संपला. हिवाळ्यात आपल्या बॅकवॉटरला अडई येते, हळदी-कुंकू बदक दिसतं. ती बघायची. छर्‍याची बंदूक घेऊन फिरणारी पोरं मलाही माहीत आहेत, तुम्हालाही माहीत असतील. तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. विषय संपला.

पण लाइट मात्र माझ्या डोक्यात बसला.

कारण अडचण खरी होती. भातसाचं पाणी मुंबईला जातं, हे तुम्हाला माहीतच आहे. जानेवारीनंतर पाणी उतरायला लागतं आणि धरणात बुडालेल्या जुन्या झाडांचे खुंट वर यायला लागतात. वर म्हणजे दिसतील इतके नाहीत. पाण्याच्या खाली वीतभर. दिवसा पाण्याचा रंग बघून कळतं, रात्री होडी थेट त्यावर चढते. काकांची होडी एकदा अशी फाटलीये. त्यात आमची लोकं पहाटे तीन-साडेतीनला जाळी काढायला निघतात, कारण मासळी सकाळच्या गाडीला मिळाली पाहिजे.

तर मी ऑनलाइन बार मागवला. ७२ वॅटचा. जीपवाले लावतात तसा. होडीच्या तोंडावर पट्टी मारून बोल्टने बसवला, दुकानातली जुनी कारची बॅटरी ठेवली, आणि पहिल्या रात्री काठावरून पेटवला तेव्हा पलीकडची झाडं दिसली. काका म्हणाले, "लगीन आहे का कुणाचं?" मला वाटलं कौतुक करतायत.

आठवड्याने धुकं होतं. ज्यांनी जानेवारीत बॅकवॉटर बघितलंय त्यांना माहितीये, धुकं पाण्यावर कमरेएवढं बसलेलं असतं, वर आभाळ स्वच्छ. मी बार चालू केला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. प्रत्येक थेंब तो प्रकाश परत माझ्याच डोळ्यांत फेकत होता. वर आमची होडी पांढर्‍या फायबरची, तिचं तोंडही चमकत होतं. मी तसाच पुढे बसलो, काका मागून वल्हवत होते. वेग म्हणाल तर चालत्या माणसाएवढा. मला वाटलं एवढ्यात काय होणार.

समोर ट्यूबवर एक मामा होते. आमच्या इथल्या वाडीवरचे, कातकरी, पन्नाशीच्या पुढचे. ट्रकची ट्यूब हवा भरून, तिच्यावर फळी टाकून, तिच्यावर बसून जाळं टाकतात. होडी घ्यायची ऐपत नसलेली निम्मी माणसं अशीच मासेमारी करतात. मामांनी आमचा लाइट लांबून बघितला होता. त्यांनी हातातली बॅटरी हलवली. मला ती दिसलीच नाही, माझ्या डोळ्यांसमोर नुसतं पांढरं. होडीचं तोंड ट्यूबला लागलं, ट्यूब पलटी झाली आणि मामा पाण्यात, पाय त्यांच्याच जाळ्यात.

काकांनी वल्हं पुढे केलं आणि मामांनी ते धरलं म्हणून. मी जाळं कापलं. हात इतके थरथरत होते की सुरी दोनदा होडीत पडली. अर्धा मिनिट, फार तर एक. पण मला ते आजही मोठं आठवतं.

काठावर शेकोटी केली. मामा खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लाइट दिसला रं तुजा. पन होडी कंच्या बाजूला चाललीय, त्ये कलंना."

मी वायरिंगवाला माणूस. हेडलाइट, पार्किंग लाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट रोज हाताळतो. गाडीला दिवे दोन कामांसाठी असतात, आपल्याला दिसावं म्हणून आणि आपण दिसावं म्हणून. होडीवर मी फक्त पहिलं काम केलं होतं, तेही धड नाही.

मग मी समुद्रावरचे नियम शोधून वाचले. १९७२ चेच आहेत, आंतरराष्ट्रीय. धरणात कुणी तपासायला येत नाही, पण ज्यांनी ते लिहिलेत त्यांनी आपल्यासारखेच अपघात बघून लिहिलेत. बोटीच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. लाल-हिरवा कसाही दिसत नाही, प्रत्येक दिवा नाकासमोरून आपल्या बाजूला थोडा मागेपर्यंतच, ११२.५ अंशांत दिसेल असा झाकलेला असतो. त्याची गंमत बघा. तुम्हाला नुसता लाल दिसला, तर समोरची बोट तुमच्या डावीकडे चाललीये. नुसता हिरवा, तर उजवीकडे. आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती सरळ तुमच्या अंगावर येतेय, बाजूला व्हा. मामांना जे कळलं नाही ते एवढंच. दोन छोटे रंगीत दिवे.

अगदी लहान बोटींना नियमात सूट आहे. सात मीटरपेक्षा छोटी आणि सात नॉटपेक्षा हळू इंजिनाची बोट असेल तर चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, जमलं तर रंगीतही लावा म्हणतात. वल्ह्याच्या होडीला तर हाताशी बॅटरी ठेवून धडक टाळता येईल एवढ्या आधी दाखवली तरी चालतं. मामांनी तेच केलं होतं. नियम त्यांनी पाळला, मी आंधळा होतो.

आता आमच्या होडीवर आज काय आहे ते सांगतो.

मागच्या बाजूला अर्धा इंची पीव्हीसी पाइप उभा केलाय, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. त्याच्यावर दोन वॅटचा पांढरा दिवा, चारी बाजूंनी दिसणारा. दिव्याखाली डब्याचं झाकण काळं रंगवून बसवलंय, म्हणजे उजेड लांब जातो पण होडीत पडत नाही. हे झाकण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. हा दिवा पाण्यात उतरल्यापासून काठाला लागेपर्यंत चालू. पुढे दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवा, एकेक वॅटचे, मध्ये पत्र्याची आडवण, म्हणजे एकाचा उजेड दुसर्‍या बाजूला जात नाही.

खुंट बघायचा लाइट वेगळा. ७२ वॅटचा बार काढला, ९ वॅटचा एकच लावला, पसरट उजेडाचा. जागा मात्र बदलली. होडीच्या तोंडाच्या अगदी पुढे, पाण्यापासून हातभर उंचीवर, किंचित खाली झुकवलेला. सगळी माणसं त्याच्या मागे. खालून आडवा उजेड पडला की पाण्यातून डोकावणार्‍या खुंटाची लांब सावली पडते, ती लगेच दिसते. वरून उजेड मारला तर सगळं सपाट दिसतं. डोक्याला बांधायची बॅटरी धुक्यात सगळ्यात वाईट, कारण उजेड आणि डोळा एकाच जागी. गाडीचे फॉगलॅम्प बंपरमध्ये खाली का असतात ते इथे कळतं. तोंडाचा पांढरा भाग मी काळ्या, न चमकणार्‍या रंगाने रंगवला. काका म्हणाले होडी विद्रूप झाली. झाली.

पिवळा लाइट धुकं फाडतो असं दुकानात सगळे सांगतात. फाडत-बिडत काही नाही. डोळ्याला कमी टोचतो, आणि पावसाळ्यात त्याच्यावर किडे कमी येतात. एवढ्यासाठी मी ३००० केल्विनचा घेतला. त्या निळसर पांढर्‍यापेक्षा बरा.

आणि हा लाइट सारखा चालू नसतो. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढर्‍या उजेडाचा एक झटका ते सगळं घालवतो. म्हणून खुंटाच्या भागात आलो की चालू, बाहेर पडलो की बंद. जाळ्यातून मासे सोडवायला होडीच्या आत, कडेच्या खाली, लाल पट्टी लावलीये. लाल उजेडाने डोळ्याचा अंधार मोडत नाही. पण ती बाहेरून दिसता कामा नये, नाहीतर समोरच्याला वाटेल ती डावी बाजू.

बॅटरीचं गणित बघा, इथे सगळे फसतात. बाजारात मिळणारी फवारणी पंपाची किंवा यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-अवर. ती लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरा, पूर्ण उतरवली की लवकर मरते. म्हणजे हातात ४२. माझा ७२ वॅटचा बार त्यावर अर्धा-पाऊण तास चालला असता. आताचे सतत जळणारे तीन दिवे मिळून ४ वॅट, म्हणजे दहा तास. त्यात ९ वॅटचा मधूनमधून. रात्र निघते.

वायरिंग करताना बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, मला ३ अँपिअर पुरतो. होडीत नेहमी थोडं पाणी असतंच, म्हणून बॅटरी तळाला नको, फळीवर बांधलेली हवी. जोड पिरगाळून टेप मारू नका. डाग द्या, त्यावर श्रिंक ट्यूब गरम करून बसवा. दिवा घेताना खोक्यावर आयपी ६७ बघा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो. स्वस्त मालावर खोटं छापलेलंही असतं, म्हणून मी घरी बादलीत बुडवून ठेवतो. माझे दोन दिवे बादलीतच मेले. बरंच झालं.

मुरबाडहून, बारवीच्या काठच्या एका मित्राने विचारलंय की लाइट मारून मासे गोळा करता येतील का. समुद्रात एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ साली बंदी घातली, कारण लहान-मोठी सगळी मासळी एकदम उपसली जाते आणि छोट्या मच्छीमाराला काही उरत नाही. धरणातही पोटाला तेच लागणार. नको करूस, भावा. आणि तानसाकडे जाणार असाल तर ते अभयारण्य आहे, रात्री होडी-लाइट घेऊन तिथे शिरायचंच नाही.

मामा त्यानंतर पंधरा दिवस पाण्यावर आले नाहीत. मी दोनदा घरी गेलो. पहिल्यांदा बाहेरच बसलो. दुसर्‍यांदा चहा मिळाला. जाळ्याचे पैसे दिले, ते त्यांनी घेतले, आणि चांगलंच झालं, नाहीतर मला अजून अवघड झालं असतं.

त्यांच्या ट्यूबसाठी दिवा करायचा होता. १२ व्होल्ट तिथे चालणार नाही, वजन होतं. मग एक वॅटचा एलईडी, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतला एक चांगला सेल, मध्ये चार्जिंगची छोटी पट्टी, आणि सगळं लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत. तसा सेल साधारण ९ वॅट-अवरचा, म्हणजे रात्रभर. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होतो. बरणी फळीला उभ्या काठीवर बांधायची. पहिली बरणी मामांनी म्हशाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी नेली. त्यानंतर वाडीवरून सात बरण्यांची ऑर्डर आली. सामानाचे पैसे घेतो, मजुरी नाही. लाइफ जॅकेट अजून कुणीच घालत नाही, पाच लिटरचा रिकामा कॅन कमरेला बांधा म्हणून मागे लागलोय. दोघं बांधतात.

परवा पहाटे आम्ही निघालो तर पाण्यावर आठ पांढरे ठिपके होते. काकांनी मोजले. मामांचा कोणता ते मला ओळखता आला नाही, तर त्यांनीच लांबून हाक मारली, "तुजा हिरवा दिसतोय रं, जा तिकडून!"

बरणीचा दिवा कसा जोडायचा त्याचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात टाकतो. सेल जुना वापरणार असाल तर आधी थांबा, फुगलेला सेल अजिबात घेऊ नका, ते सविस्तर त्यात सांगेन. प्रश्न व्हॉइस मेसेज करून पाठवा, टाइप करत बसू नका. चला, भेटू.