पुस्तकावर नाव कुणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ‘लेखिका आणि तिचे नवे पुस्तक’ या विषयावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. मग आपल्या मंडळाच्या कपाटातले एक जुने पुस्तक आठवले आणि धीर करून हो म्हटले. चुकले-माकले तर पोटात घाला.

आजकाल पुस्तक निघते म्हणजे घरचे कार्यच असते. सभागृह घ्यायचे, पाहुणे बोलवायचे, रंगीत कागदात बांधलेली पुस्तके त्यांच्या हातून उघडायची, शाल-श्रीफळ द्यायचे, मग चहा-बटाटेवडा. लेखिकाबाई सह्या देतात आणि रात्री सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो येतात. यात वाईट काही नाही. मुलीचे लग्न हौसेने करावे तसे पुस्तकाचेही करावे. पण मी सांगते त्या पुस्तकाच्या कार्यात आईलाच पुढे येता आले नाही.

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हे कथांचे पुस्तक प्रसिद्ध केले. वर नाव होते विभावरी शिरूरकर. अशी कोणी बाई कुणाच्या पाहण्यात नव्हती. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्न न झालेल्या मुलींची दुःखे त्यात होती. मुलगी पगार आणते म्हणून घर तिच्या लग्नाकडे काणाडोळा करते, तिच्याही मनाला आणि शरीराला काही हवेसे वाटते, हे एका बाईने उघड लिहिले! केवढे वादळ उठले. कोणी वाहवा केली, कोणी शिव्या दिल्या. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, ही विभावरी कोण? बाई असे लिहिणार नाही, हा कोणी पुरुषच असावा, असेही लोक म्हणाले. लवकरच ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नवऱ्याने टाकलेली बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडू पाहते, आई होऊ पाहते, असा तिचा विषय. झाले, आगीत तेल!

या विभावरीबाई म्हणजे बाळूताई खरे. जन्म १९०५ चा, अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, पुढे शिक्षिका झालेल्या. लग्न व्हायचे होते. मला नेहमी वाटते, आपल्या पुस्तकाला कोणी शिव्या देत असेल तेव्हा त्या माउलीला गप्प बसणे किती जड गेले असेल! आणि कोणी स्तुती केली तरी गप्पच. १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तिथे त्यांनी काम केले आणि जे पाहिले त्यावर १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. एकदा तोंड उघडले ते मिटले नाही. २००१ साली त्या गेल्या.

आता माझे सांगते. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत ‘सातवीचा निकाल’ म्हणून एक लेख होता, खाली ‘एक भगिनी’ एवढेच. वर्गात पहिली आलेल्या मुलीची शाळा सुटते, कारण धाकट्या भावाची फी भरायची असते, अशी ती हकीगत. भगिनींनो, तो लेख मी लिहिला होता.

नाव घातले नाही, कारण आई अजून आहे. तिला वाटेल, लेकीने घरचे चव्हाट्यावर मांडले. भाऊ भला माणूस आहे, दर भाऊबीजेला येतो. त्याला काय वाटेल? म्हणून चिटणीसबाईंकडून वचन घेतले आणि गप्प राहिले. गंमत पाहा, स्मरणिका खपवायला मीच दारोदार हिंडत होते! वाण्याकडून जाहिरात आणली, जिने चढून प्रती दिल्या. ‘यात वाचण्यासारखे काय आहे?’ असे कोणी विचारले की मी पाककृतींचे पान दाखवी. स्वतःच्या लेखाचे पान उलटताना हात अडखळे. एका घरी एक बाई म्हणाल्या, ‘हे कुण्या मास्तरांनी लिहून दिले असणार, आपल्यातल्या कुणाला एवढे कुठले जमायला!’ मी हसले आणि घरी येऊन मोरीत तोंड धुतले.

आपल्या घाटकोपरच्याच चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहत. शाळेची पायरी त्यांनी जेमतेम चढलेली. डफावर पोवाडे गाऊन माणसे जमवणारा हा माणूस झोपडीत बसून कादंबऱ्या लिही. ‘फकिरा’ १९५९ साली आली, तिला १९६१ साली राज्य सरकारचे बक्षीस मिळाले. शिक्षण कमी म्हणून त्यांनी नाव झाकले नाही. मग माझी सातवी का आड यावी?

यंदा भाऊबीजेला मी भावापुढे ती स्मरणिका ठेवली. ओवाळणीचे ताट बाजूला राहिले. त्याने लेख वाचला, पुन्हा वाचला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘ताई, फी माझी होती हे मला कुणी सांगितलेच नव्हते.’ आईने पदर डोळ्यांना लावला, पण रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुझा निकालाचा कागद मी अजून ठेवला आहे.’ इतकी वर्षे तिघेही आपापल्या जागी गप्प होतो.

प्रत्येकीने घरचे सगळे लिहावे असे मी म्हणत नाही. झाकण्याला कारण असते, आणि ते मालतीबाईंनाही होते. पण नुसत्या लाजेपोटी नाव झाकू नका. आपण नाव झाकले की आपले लिहिणे कुण्या मास्तरांच्या नावावर जाते.

या भाषणावर माझे नाव छापावे असे मी चिटणीसबाईंना सांगितले आहे. यंदाही प्रती घेऊन मी तुमच्या दारी येणार आहे. या वेळी पाककृतींचे पान दाखवणार नाही.