बॅटरीचा पंप घेताना

आम्ही तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्याहून बोलतो. इकडे नागझिऱ्याचं जंगल, इकडे तलाव, अन् मधात आमच्या धानाच्या बांध्या. पोळ्याच्या सुमारास धानावर तुडतुडे दिसू लागले की घरोघरी एकच बोलणं निघते, बॅटरीचा फवारणी पंप घ्यायचा का? आमच्या बचत गटानं यंदा घेतला. काय पाहून घेतला, ते सांगतो.

दुकानदार पहिले लिटर सांगतो. मोठी टाकी म्हणजे फेऱ्या कमी, हे खरं आहे. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १६ लिटरची टाकी भरली की १६ किलो, वरून पंप अन् बॅटरीचे पाच-सहा. एवढं ओझं पाठीवर घेऊन चिखलात चालायचं आपल्याला, दुकानदाराला नाही. म्हणून तिथंच टाकीत साधं पाणी भरायला लावा. पाठीवर घ्या, पट्टे आपल्या खांद्याला बसतात का पाहा, चाला, वाका. झाकणातून पाणी मानेवर आलं तर तो पंप तिथंच ठेवा; उद्या त्या पाण्यात औषध राहणार आहे. दुकानदार हसला तर हसू द्या. आम्ही टाकी १६ लिटरचीच घेतली, पण भरतो १० लिटर. औषधही मग १० लिटरच्याच मापानं टाकायचं, टाकीच्या नाही.

बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. पुढे ८ किंवा १२ अँपिअर-अवर लिहिलेलं असते. हा आकडा मोठा तेवढी ती जास्त वेळ चालते, अन् शिशाची असली तर तेवढी जडही होते. लिथियमची हलकी, पण महाग. शिशाची बॅटरी उतरलेलीच ठेवली तर खराब होते. धान कापल्यावर पंप माळ्यावर टाकून विसरायचं नाही, महिन्यातून एकदा चार्जिंग करायचं. लाइनचा भरवसा नसेल तर हातदांडाही असलेला पंप बरा, बॅटरी मधातच संपली तरी बांधी पूर्ण होते.

आता नोझल. तपकिरी तुडतुडा शेंड्यावर बसत नाही, चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर बसतो. वरूनच फवारलं तर पैसा पाण्यात. म्हणून नळी लांब हवी, अन् कीटकनाशकाला गोल फवाऱ्याचं नोझल. तणनाशकाला पसरट फवाऱ्याचं लागते, अन् त्याचा पंप वेगळा ठेवलेलाच बरा. अन् पहिले चुडात हात घालून पाहा. तुडतुडे नसतील तर पंप घरीच राहू द्या.

पंप हलका आहे म्हणून औषध हलकं होत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तोंडाला कापड, हातमोजे, पूर्ण बाह्या, अन् वाऱ्याच्या उलट्या दिशेनं फवारणं नाही. आमच्या गटात गरोदर अन् अंगावर पाजणाऱ्या बाईच्या पाठीवर पंप द्यायचाच नाही, असं ठरलं आहे. तिनं मागितला तरी नाही.

अनुदान पाहिजे असेल तर घेण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो, अन् मंजुरीआधी पंप घेतला तर अनुदान अडकते. पक्कं बिल घ्या. वॉशर अन् चार्जर तिरोड्यात मिळतात का, तेही विचारून घ्या. गटाबाहेरच्या बायांना पंप किती भाड्यानं द्यायचा, हे आमचं अजून ठरायचं आहे.