सर्पगंधा : वैदूच्या झोळीतून जगाच्या औषधालयात



रक्तदाबाची गोळी आज मध्यमवर्गीय घरात चहा-साखरेइतकी परिचित झाली आहे. १९४० च्या दशकात मात्र स्थिती अगदी निराळी होती. निदान होत असे, उपाय जवळजवळ नव्हता. मीठ वर्ज्य करावे, विश्रांती घ्यावी, आणि फारच झाले तर शस्त्रक्रिया करून काही मज्जातंतू छेदावेत, एवढीच वैद्यकाची मजल होती. त्या काळात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मानद डॉक्टर रुस्तुम जल वकील आपल्या रुग्णांना एका भारतीय वनस्पतीच्या मुळीच्या गोळ्या देत होते आणि परिणामांची काटेकोर नोंद ठेवत होते. पन्नास रुग्णांवरील ही निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा.

या मुळीचा महिमा लोकांना पूर्वापार ठाऊक होता. बिहारात तिला ‘पागल की दवा’ म्हणत. वैदूंच्या झोळीत ती असे. सर्पदंशावर, निद्रानाशावर, उन्मादावर ती दिली जाई. मात्र येथे थोडे सावध राहिले पाहिजे. प्राचीन संहितांत सर्पगंधा, नाकुली ही नावे आढळतात ती प्रामुख्याने विषचिकित्सेच्या संदर्भात, आणि ती याच वनस्पतीची आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या पूर्वजांना रक्तदाबावरील औषध ज्ञात होते, असे व्यासपीठावरून सांगितले की टाळ्या पडतात. परंतु दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीतच १८९६ नंतरची. जे मोजता येत नव्हते, त्यावरील औषध ओळखले कसे जाणार? पूर्वजांचे श्रेय त्यांनी जे पाहिले त्याचे आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे.

या लोकज्ञानाला प्रयोगशाळेची वाट दाखवली ती भारतीयांनीच. कोलकात्याचे महामहोपाध्याय गणनाथ सेन हे आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही विद्यांत पारंगत. त्यांनी कार्तिकचंद्र बोस यांच्यासमवेत १९३१ मध्ये लेख लिहून ही मुळी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी काढली. त्यांतील एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांतील एक आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी युरोपातील रुग्णालये ते आजही वापरतात.

पण झोप आणणारा, दाब उतरवणारा मुख्य घटक त्या पाचांत नव्हता. तो मागे उरलेल्या राळेसारख्या अंशात दडून होता. १९४४ मध्ये गुप्ता, काहाली आणि दत्त या भारतीय संशोधकांनी हा अंश निद्राकारक आहे हेही दाखवून दिले होते. म्हणजे दारापर्यंत आपण पोहोचलो होतो. दार उघडले ते स्वित्झर्लंडमधील बाझल येथे. वकिलांच्या लेखानंतर तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, ‘सिबा’ कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाईन यांनी त्याच अंशातून रेसर्पिन मिळवले. ‘सर्पासिल’ या नावाने ते बाजारात आले. नावात सर्प तेवढा उरला! हा डाका नव्हता. सर्व लेख उघडपणे छापलेले होते. कोणीही वाचावेत आणि पुढे जावे. ज्याच्यापाशी साधने, पैसा आणि चिकाटी एकत्र होती तो पुढे गेला. परतंत्र देशात बुद्धीला तोटा नव्हता, साधनांना होता.

बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांनी वकिलांचा लेख वाचून आपल्या रुग्णांवर ही मुळी वापरली आणि अमेरिकेत तिचे नाव झाले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र उच्च रक्तदाबाचे १४३ पुरुष रुग्ण. निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधे, उरलेल्यांना निव्वळ दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीच्या गटात गंभीर आघात झाले २७ जणांना, औषधे घेणाऱ्यांत दोघांना. रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतो, हे प्रथमच निर्विवाद ठरले.

रेसर्पिनचे उपकार मेंदूच्या अभ्यासावरही आहेत. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी सशांना ते दिले, तेव्हा ते निश्चल झाले. लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. यातूनच कंपवाताचा उलगडा झाला आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले. मात्र औषधाला दुसरी बाजूही होती. मोठ्या मात्रेने काही रुग्ण खिन्नतेत बुडत. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा संशय व्यक्त झाला. पुढील अभ्यासांत त्याला तसा आधार मिळाला नाही, पण तोवर अधिक सुसह्य औषधे आली होती. वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला सर्पगंधेइतके रोकडे उत्तर दुसरे नसेल.

आता मूळ वनस्पतीकडे वळू. अंगणातील सदाफुली ही सर्पगंधेचीच कुलभगिनी. दोघीही ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन हे दोन घटक जोडून स्ट्रिक्टोसिडिन नावाचा एकच पाया रचतात. तेथून सदाफुली कर्करोगावरील विन्ब्लास्टिनकडे वळते, सर्पगंधा रेसर्पिनकडे. हा सांधा जुळवणाऱ्या विकराचे जनुक सर्पगंधेतून १९८८ मध्ये जर्मनीत मिळवण्यात आले.

औषध मात्र मुळीत आहे, आणि मूळ खणले की झाड संपते. बियांची उगवण कमी. मुळे काढण्याजोगी व्हायला दीड ते तीन वर्षे लागतात. तेवढा धीर नसलेल्यांनी रानेच्या राने उकरून काढली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत सर्पगंधेचे नाव १९९० पासून आहे. कोकणातील आणि गोव्यातील रानांत ती अजून आढळते. पावसाळ्यात तिच्या तांबूस देठांवर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, आणि मुळ्या विकत घेणाऱ्याचा माणूसही ती त्याच खुणेवरून ओळखतो.